कोकणी जिभेला रुचणारी क्राफ्ट बियर कशी शोधावी?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला म्हापशाला गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तुमची नेहमीची बाटली आज राहू दे. वेगळं काहीतरी पाजतो." आणि एका टॅपरूममध्ये घेऊन गेला. छोट्या प्रमाणात, वेगवेगळ्या चवीची बियर (हिलाच क्राफ्ट बियर म्हणतात) नळातून ताजी वाढतात ती जागा.

आमच्या मालवण भागात दुकानात जी बियर मिळते तीच मी गेली वीस-बावीस वर्षं पीत आलोय. दात शिवशिवतील इतकी गार करायची. गारवा उतरला की कडू लागते, म्हणून भराभर संपवायची. बियर म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत होती.

तिथे खाचा पाडलेल्या लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. प्रत्येकात जेमतेम अर्धी वाटी. पहिली पिवळी आणि पेजेसारखी गढूळ. नाकाशी नेली तर वेलची केळ्यांचा घमघमाट, मागून लवंग. केळं घातलंय का विचारलं, तर वाढणारा मुलगा म्हणाला, काहीच घातलेलं नाही. दुसरी तांबूस. तिचा वास छान, पण घोट घेतल्यावर कडूपणा पार कानशिलापर्यंत चढला. ती मला संपवता आली नाही. तिसरी अमसुलाच्या पाण्याच्या रंगाची. आधी आंबट, मग मीठ. मी ग्लास खाली ठेवला आणि लगेच परत उचलला. आमच्याकडे आगळ पातळ करून साखर न घालता देतात ना, तसा जिभेच्या कडांना लागणारा आंबट-खारटपणा. भाचा म्हणाला हिला 'कोकम गोझं' म्हणतात. चौथी काळी कुळकुळीत. ती प्यालो तेव्हा नीट कळली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिचीच चव आठवत राहिली.

आता प्रश्न. हे चार प्रकार नेमके काय आहेत? एकाच धान्यापासून इतक्या वेगळ्या चवी कशा निघतात? आणि माझ्यासारख्याने, ज्याच्या तालुक्यात टॅपरूम नाही, आपल्याला काय आवडतं ते शोधायचं कसं? नावं पाठ करून उपयोग होईल असं वाटत नाही. कुणी स्वतः हा शोध घेतला असेल तर सविस्तर लिहा.

कुळागर

चांगला धागा. मूळ गाव राजापूर तालुक्यात, नोकरी पुण्यात. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं तेव्हापासून हा नाद लागला. (नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द गेला आणि तिथून ते नाव आलं.) जमेल तसं सांगतो.

घरी नाचणी सत्त्व करतात ते आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्यात पिठाची साखर करणारी विकरं तयार होतात, म्हणून सत्त्व नुसत्या पिठापेक्षा गोडसर लागतं. बियरचं माल्ट म्हणजे हेच काम, फक्त नाचणीऐवजी सातू. मोड आलेला सातू नुसता वाळवला तर फिकट माल्ट, जरा जास्त शेकला तर खारीच्या कडेसारखी चव, आणि काळा होईपर्यंत भाजला तर कॉफीची. तुमच्या चौथ्या ग्लासचं उत्तर इथेच आहे. ती स्टाउट. तिचा रंग आणि कडवटपणा बराचसा भाजलेल्या सातूतून येतो.

माल्ट गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढायचं, ते हॉप्स घालून उकळायचं, गार करून यीस्ट (साखरेची दारू करणारे सूक्ष्मजीव) घालायचं. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. हा वेल भांगेच्या कुळातला. आपल्या देशात त्याची थोडी लागवड हिमाचलातल्या लाहौलमध्ये होते. कडूपणा आणि बराचसा फुला-फळांचा वास हॉप्सचा.

पण खरी किमया यीस्टची. एल जातीचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश तापमानात काम करतं आणि काम करताना भरपूर वास सोडतं, त्या बियरला एल म्हणतात. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांत सावकाश चालतं, त्यामुळे बियर स्वच्छ, साधी उतरते. तुमची नेहमीची बाटली लागर आहे. या सगळ्या फिकट लागरांचं मूळ चेक प्रदेशातल्या पिल्झेनमध्ये. १८४२ साली योझेफ ग्रोल या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ब्रुअरने (बियर बनवणाऱ्याने) तिथे ती पहिली सोनेरी, नितळ लागर काढली. चांगली पिल्झनर पिऊन पाहा. तुम्ही वीस वर्षं जे पीत होता त्याचा मूळपुरुष भेटेल, आणि तो अजिबात बेचव नाही.

तुमचा पहिला ग्लास हेफेवायझेन. हेफे म्हणजे यीस्ट, वायझेन म्हणजे गहू. जर्मनीत यात निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचं असतं. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा, पिकलेल्या केळ्यात असतं तेच. लवंगेसारखा वासही यीस्टच तयार करतं. वाढणारा मुलगा खरं बोलत होता.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र माझं ठाम मत आहे. प्रकारांच्या नावांपासून सुरुवात करू नका. आपल्या जिभेला आधीपासून काय आवडतं तिथून सुरुवात करा. तुम्ही आगळ ओळखलंत, केळं ओळखलंत. हीच तुमची वाट. सोलकढी, पपनस, काजू बोंडू, आंबील, पिठलं खरवडून खाल्लेली खरपूड, यातलं काय आवडतं ते सांगा. त्यावरून पुढची बियर सांगता येते.

सागरवेळ

वाचतेय. नाचणी सत्त्वाचं उदाहरण पटकन समजलं. धन्यवाद.

तिरफळ

रत्नागिरीहून लिहितेय. माझी बियर स्टाउट. ती मला कशी सापडली ते सांगते, कारण त्यात एक सल आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका शहरात एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. स्टाउट मी मागितली होती, नवऱ्याने गव्हाची बियर. वाढप्याने काळा ग्लास त्याच्यासमोर ठेवला आणि फिकट माझ्यासमोर. आम्ही ग्लास बदलले, तर तो मला म्हणाला, "मॅडम, ती स्ट्राँग आहे, तुम्हाला सफरचंदाची देतो." मला खूप लागलं ते. एक तर कुणाला काय झेपतं ते बाईच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नसतं. दुसरं म्हणजे त्याचं म्हणणं मुळातच चूक होतं. काळी म्हणजे जहाल नव्हे. रंग भाजण्यातून येतो, अल्कोहोल साखरेतून. गिनिसची नेहमीची ड्राफ्ट स्टाउट ४.२ टक्क्यांची आहे. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकली जाणारी पिवळीधमक लागर ८ टक्क्यांपर्यंत असते. ज्यांना काळ्या रंगाची भीती वाटते त्यांनी लेबलवरचा आकडा वाचावा.

आता चवीचं. लहानपणी चुलीवरच्या भाताच्या टोपाला खाली लागलेली खरवड आम्हा भावंडांत वाटून घ्यायचो. त्या खरवडीत जी भाजकी, किंचित कडू, तरीही गोडाकडे झुकणारी चव असते ती मला स्टाउटमध्ये सापडली. बर्फगार प्यायलात तर ही चव मिळणार नाही. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, १० अंशांच्या आसपास येऊ द्या. मग आधी कॉफी, मग कोको, शेवटी भाजका सातू असे थर सुटे होतात.

आणि कालवं. लंडन-डब्लिनकडे पोर्टर (स्टाउटसारखीच काळपट बियर), स्टाउट आणि कालवं ही जुनी जोडी आहे हे वाचलं होतं. आपल्या खाडीत कालवं आहेतच. मी पहिल्यांदा केली ती नुसत्या हळद-मिठात, लसणीच्या फोडणीवर, मसाला अजिबात नाही. कालवाचा तो समुद्री गोडपणा, त्यावर स्टाउटचा कडू घोट. घरात सगळे गप्प झाले होते. मालवणी मसाल्यात केलेल्या कालवांबरोबर मात्र तेवढं जमलं नाही. मसाल्याने स्टाउटचा कोको खाऊन टाकला.

रापण

माका बियरीतला फारसा काय कळना नाय, पण आंबटाचा तुमी बोललात म्हणान लिवतंय. आजोबांच्या वेळेक वाडीत माडी काढणारे होते. सकाळची माडी गोड. दुपारपर्यंत ती जिभेक चुरचुरूक लागता. सांजची आंबट. म्हातारे सांजचीच पियत. कोण तेच्यात काय घालीत नसत, मडक्यातच तां आपसूक होय. मगे तुमच्या त्या आंबट बियरीत आणि माडीत फरक काय?

कुळागर

रापण, हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

माडीत हवेतलं, मडक्यातलं, माडाच्या पोयीवरचं यीस्ट आपसूक शिरतं आणि साखरेची दारू करतं. त्याच्याबरोबर आंबट करणारे जिवाणूही शिरतात, दह्यातल्यांचे भाऊबंद. त्यामुळे तासागणिक चव बदलते. बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळ सेन नदीच्या खोऱ्यात हेच करतात. उकळलेलं गोड पाणी उथळ, उघड्या भांड्यात थंडीच्या रात्री तसंच ठेवतात. हवेतून येईल ते यीस्ट येतं. मग लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं मुरवतात. तिला लाम्बिक म्हणतात. माडी सकाळची संध्याकाळी आंबते, लाम्बिकला वर्षं लागतात. मुळातली क्रिया तीच.

खाडीकाठ यांनी प्यायलेली गोझं जर्मन. गोस्लार गावाकडची, पुढे लाइपझिगने ती जपली. गव्हाचं माल्ट, धणे, मीठ आणि आंबवणारे जिवाणू. विसाव्या शतकात ती जवळजवळ नाहीशी झाली होती. आपल्याकडच्या ब्रुअरना तिच्यात कोकम घालावंसं वाटलं याचं मला तरी नवल वाटत नाही. मीठ आणि आंबट एकत्र पिणं कोकणाला कुणी शिकवायला नको.

ज्यांच्या घरात माडी प्यायली गेली आहे त्यांना आंबट बियर पहिल्या घोटाला आवडते, हे मी चार-पाच जणांबाबत पाहिलं आहे. पुण्यातल्या माझ्या मित्रांना तीच बियर खराब झाल्यासारखी वाटली होती.

रापण

आता समाजला. माडीयेची बहीणच ती.

दीपस्तंभ

सगळे आयपीएला (हॉप्स जास्त घातलेली कडू एल) टाळून पुढे चाललेत, म्हणून तिच्या बाजूने लिहितो. खाडीकाठ, तुमचा दुसरा ग्लास बहुतेक आयपीए होता आणि तो तुम्हाला फार लवकर दिला गेला.

कडूपणा मोजायचं माप आयबीयू. दुकानातली लागर साधारण १० ते २०, हेफेवायझेन ८ ते १५, आयपीए ४० ते ७०. तुम्ही हेफेवायझेननंतर थेट आयपीए घेतलीत म्हणजे कडूपणा चार-पाच पटींनी वाढला. मध्ये पेल एल (फिकट माल्टची एल) घ्यायला हवी होती. तिच्यात हॉप्सचा वास असतो, कडूपणा निम्मा.

आणि तो वास आपला आहे हो! अमेरिकेत १९७२ साली कॅस्केड नावाची हॉप्सची जात बाजारात आली. इंग्रजीत तिच्या वासाला ग्रेपफ्रूटची उपमा देतात. आपल्या परसात त्याचा थोरला भाऊ आहे, पपनस. गणपतीत माटोळीला बांधलेलं पपनस सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो आणि बोटांना दिवसभर वास राहतो, तोच वास. पुढच्या वेळी आधी नाकाशी धरा, सावकाश. पहिला घोट गिळताना कडू लागेल, तिसऱ्या घोटाला जीभ सरावते.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. इंग्लंडहून ती आपल्या मुंबईलाही जहाजाने यायची. आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास, पिंपातली बियर टिकावी म्हणून कुणीतरी जास्त हॉप्स घालून ही बियर शोधून काढली.

कातळशिल्प

दीपस्तंभ, शेवटचं वाक्य तपासा. कुणी एकाने भारतासाठी ती शोधून काढली ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण इतिहासात बसत नाही. गरम देशात पाठवायच्या बियरमध्ये हॉप्स वाढवावेत हे इंग्लंडमध्ये आधीच माहीत होतं आणि फिकट एलही तिथे होतीच. लंडनच्या हॉजसनची बो ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती. कंपनीच्या जहाजांवरचे कप्तान तिथून माल उधारीवर उचलायचे, म्हणून त्याची बियर इथे पोचली आणि गाजली. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावचे ब्रुअर या धंद्यात उतरले. तिथल्या पाण्यात जिप्समचा अंश जास्त, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा, टोकदार उतरायचा, आणि त्यांनी हॉजसनला मागे टाकलं. पोर्टरसुद्धा त्याच जहाजांनी भारतात यायची आणि तीही टिकायची.

दीपस्तंभ

मान्य. बरीच वर्षं मी तीच गोष्ट सांगत आलो होतो, आता सांगणार नाही. एट फिंगर एडी नावाची गोवा ब्रूइंग कंपनीची आयपीए मिळाली तर घ्या. मी आयपीएकडे तिच्यामुळे वळलो.

एक आणखी. आयपीए ताजीच प्यायची. बाटलीवरची तारीख बघा. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, नुसता कडूपणा मागे राहतो. सहा महिने दुकानात पडून राहिलेली आयपीए पिऊन "मला आयपीए आवडत नाही" असं ठरवू नका.

सागरवेळ

दोन शंका. एक, आमच्याकडे सगळे जण बाटली उलटी करून तोंड पाण्यात बुडवतात, ग्लिसरिन निघून जातं म्हणतात. धार उतरताना डोळ्यांना दिसतेही. खरं आहे का? दोन, तिखट जेवणाबरोबर काय प्यावं? आमच्या घरी कोंबडी-वडे केले की पाहुण्यांना बियर हवीच असते.

कुळागर

ग्लिसरिन पाण्यात पूर्ण विरघळतं, साखरेसारखं. विरघळलेली साखर जशी कप उलटा करून वेगळी काढता येत नाही, तसंच हे. आंबवताना यीस्ट स्वतःच थोडंसं ग्लिसरॉल तयार करतं, ते बियरचा भाग असतं. दिसते ती धार बियरचीच. गार बियर पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून ती खाली उतरते आणि वर पाणी शिरतं. कृपया असं करू नका. चांगल्या बियरमध्ये नळाचं पाणी मिसळतं एवढंच होतं.

तिखटाबरोबर गव्हाची. हेफेवायझेन किंवा बेल्जियन विटबियर. विटमध्ये धणे आणि वाळवलेली संत्र्याची साल असते, ती आपल्या वाटणाला परकी वाटत नाही. हा प्रकार १९५७ च्या सुमारास संपला होता. हॉगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी बंद पडली. गावातल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ साली तो पुन्हा सुरू केला. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर मी विट पितो. तिरफळाच्या सालीत लिंबासारखा वास असतोच (ते लिंबाच्याच कुळातलं झाड), तो आणि संत्र्याची साल एकमेकांना ओळखतात.

आयपीए तिखटाबरोबर नको. हॉप्सचा कडूपणा मिरचीचा जाळ वाढवतो.

दीपस्तंभ

इथे माझं जमत नाही. मला तो जाळच हवा असतो. सुरमईच्या तुकड्याला लावलेला तिखट मसाला आणि आयपीए, यासारखं दुसरं नाही. पण सागरवेळ, पाहुण्यांसाठी कुळागर यांचंच ऐका.

कातळशिल्प

वाट अडवायची म्हणून नव्हे, काळजीने लिहितो. गोव्यातून बाटल्या गाडीत टाकून परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्कवाले तपासतात. पाच-सहा पाइंटसाठी गाडी अडकवून घेऊ नका. तिथे चाखा, इथे आपल्या राज्यात विकायला असलेलीच घ्या आणि मद्य पिण्याचा परवाना काढून ठेवा. गोव्यात वयाची अट १८ आहे म्हणून पोरं फसतात, महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि कडक मद्याला २५. आणि चार छोटे ग्लास असले तरी गाडी दुसऱ्याने चालवायची. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माझ्या जवळच्या एका घरात या एका कारणाने माणूस गेलेला आहे, म्हणून सांगतो.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रोज रात्री धागा उघडून वाचत होतो.

मध्ये एक प्रसंग घडला. तालुक्याच्या गावी एका बियर शॉपीत हिरव्या बाटलीतली लागर दिसली. वरच्या फळीवर होती. घरी गार करून उघडली तर गंधकासारखा उग्र वास, केस जळल्यासारखा. चवही तशीच. बियर नासली म्हणावी तर तारीख अगदी अलीकडची. हे काय?

दीपस्तंभ

ऊन लागलंय तिला. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि उजेड एकत्र आले की गंधकयुक्त वास तयार होतो. हिरवी आणि पांढरी काच तो उजेड अडवत नाही, तपकिरी बरीचशी अडवते, टिनमध्ये उजेड शिरतच नाही. कडक उन्हात हे काही मिनिटांत होतं. पुन्हा त्या दुकानात गेलात तर तीच बियर बंद खोक्यातली मागा. दोन्ही शेजारी ठेवून वास घ्या. बियर शिकायचा यापेक्षा स्वस्त धडा नाही.

याशिवाय उष्णतेने बियर लवकर म्हातारी होते. मग ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. आपल्या हवेत दोन्ही संकटं आहेत. दुकानदाराला दोष देऊ नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आपण सांगावं.

तिरफळ

खाडीकाठ, एक वही करा. मी करते. प्रकाराचं नाव शेवटी लिहा, आधी वास, मग चव, मग कशाबरोबर खाल्लं ते. शब्द आपल्या घरातले वापरा. पाइंट तिघांत वाटून घ्या, एका वेळी दोनच बियर शेजारी ठेवा, फिकीपासून सुरू करून कडूकडे जा. मध्ये नुसती तांदळाची भाकरी आणि पाणी.

आणि जी आवडली नाही तिच्यापुढे फुली मारू नका, एक तारीख लिहा. दोन महिन्यांनी परत प्या.

खाडीकाठ

तीन आठवड्यांनी येतोय. वहीतली पानं समोर ठेवून लिहितोय.

आधी उन्हाचं. दुकानदार ओळखीचा झाला, त्याने खोकं फोडून एक दिली आणि फळीवरची एक. बायकोने दोन्ही ओतल्या आणि ग्लासांच्या बुडाला खडूने खूण केली, मला बाहेर पाठवून. आत आलो. पहिल्या ग्लासवर नाक नेलं, ताज्या गवताचा वास, थोडा मध. दुसऱ्यावर नेलं आणि मान आपोआप मागे गेली. एकाच दिवशी भरलेल्या बाटल्या होत्या त्या, शिक्का सारखा. दुकानदाराला बोलावून दोन्ही हुंगवल्या. त्याने दुसऱ्याच दिवशी वरच्या फळीवरच्या बाटल्या उतरवून आतल्या बाजूला ठेवल्या आणि खिडकीला जुनी चादर लावली. मला फार बरं वाटलं.

मुंबईहून मेहुणा आला, त्याच्याकडून विट, एक हेफेवायझेन, दोन पेल एल आणि एक स्टाउट मागवली होती. वहीत असं आहे:

विट, तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर. खोबऱ्याचं गोड आणि धण्याचा वास एकमेकांत गेले. शिंपली तोंडाने ओढून घेतली, वर एक घोट. पान तिथेच संपलंय, पुढे काही लिहिलेलं नाही, कारण हात खरकटे होते.

हेफेवायझेन. बाटली शेवटी हलवून तळाचं यीस्टही ओतलं. केळं आलं, पण म्हापशाला होतं तेवढं नाही. मला ती जेवणाआधी आवडते, जेवणाबरोबर जड होते.

स्टाउट. तिरफळताई, तुमची खरवड मला सापडली. पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, बाटली आपोआप कोमट व्हायला लागली होती. त्या दिवशी कळलं सकाळच्या चहाला तिची आठवण का आली होती. आमच्याकडे चहा कोराच असतो.

आणि पेल एल. पहिल्या दिवशी लिहिलंय, "कडू. नको." तारीख टाकून ठेवली. दुसरी बाटली दहा दिवसांनी उघडली. ग्लास भरला आणि तेवढ्यात शेजारच्यांची गाय सुटून आमच्या वाफ्यात शिरली. ती हाकलून येईपर्यंत अर्धा तास गेला. परत येऊन घोट घेतला तर पपनस! सालीसकट. मी तसाच उभ्याने प्यालो. धाग्याच्या सुरुवातीला मी लिहिलं होतं की गारवा उतरला की बियर कडू लागते, म्हणून भराभर संपवायची. वीस वर्षं मी जे घाईने टाळत होतो त्यातच चव होती. कडू मला चालत नाही हे खरं नाही. मी कोरा चहा पितो, कारल्याचं भरीत मागून खातो. नुसता गार आणि पोकळ कडूपणा मला नको आहे.

आयपीए अजून घेतलेली नाही. तिच्यापुढे तारीख लिहिली आहे.

रापण, गोझं मात्र इकडे कुठे मिळाली नाही. तिच्यासाठी गोव्यालाच जावं लागणार. येतंस?

रापण

येतंय. गाडी माझो भाचो चालयत, तो पियना नाय.

सागरवेळ

आमच्या पाहुण्यांना विट दिली. सासरे दोन घोट घेऊन म्हणाले, ही बियर आहे की धण्याचं पाणी? पण ग्लास रिकामा करून अजून मागितली. बाटल्या उलट्या करायचं बंद झालंय.

कुळागर

खाडीकाठ, तुमची वही वाचून पुढची सुचते. तुम्हाला भाजकं आवडतं, पण जेवणाबरोबर जड नको. मग डुंकेल घ्या. बव्हेरियातली काळपट तांबूस लागर, पावाच्या कडक कडेसारखी चव, कडूपणा कमी, ५ टक्क्यांच्या आसपास. म्युनिक माल्टची किमया आहे ती.

मी चतुर्थीला गावी येतोय, पण तेव्हा घरात हा विषय नाही. विसर्जन आणि पितृपक्ष उरकले की परत एक फेरी आहे. पुण्याहून दोन-तीन पाइंट आणतो. परवाना आहे माझ्याकडे.

खाडीकाठ

जरूर या. तिरफळताई, तुम्हीही दोघं या. तुमच्या पद्धतीची हळद-मिठातली कालवं करायची आहेत. अमावास्येच्या आसपास मोठी ओहोटी असते, तेव्हा खडक उघडे पडतात. पंचांग बघून दिवस इथेच कळवतो.